कुळारचें आपोवणें

मराठी वर्तमानपत्रांत ही बातमी नेहमी एकाच साच्यात येते. अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या माघारी बोलावल्या. आतले पान, एक कॉलम, चार ओळी. 'रिकॉल' ह्या शब्दाला आपल्याकडे अजून धड प्रतिशब्द बसलेला नाही. कोणी 'माघारी बोलावल्या' लिहितो, कोणी 'परत मागवल्या'. 'परत मागवल्या' वाचले की वाटते, कंपनी पैसे देऊन गाडी परत घेते आहे. तसे काही नसते. एखादा भाग सदोष निघाला, त्यातून जिवाला धोका आहे असे कंपनीच्या लक्षात आले (किंवा कोणी लक्षात आणून दिले), की मालकांना कळवून तो भाग फुकट बदलून द्यायचा, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या आजीने मात्र ह्या शब्दाचे भाषांतर एका दमात करून टाकले. गेल्या मे महिन्यात आमच्या गाडीचे असे पत्र आले. काय प्रकार आहे ते मी तिला समजावून सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे, गाडयेक कुळारचें आपोवणें आयलां!" गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, कुळार म्हणजे माहेर आणि आपोवणें म्हणजे बोलावणे. आमच्या घरात बोलणे कोंकणी आणि लिहिणे मराठी. त्यामुळे पुढे जे संवाद येतील ते मी मराठी करून लिहिते आहे, काही शब्द तेवढे हलले नाहीत म्हणून तसेच ठेवले आहेत.

आजीचा शब्द गोड आहे, पण बोलावणे गोड नव्हते. पत्रात लिहिले होते की इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीचा एक जोड उष्णतेने कालांतराने तडकू शकतो, तिथून पेट्रोल झिरपू शकते आणि अगदी क्वचित प्रसंगी 'थर्मल इन्सिडंट' घडू शकतो. पानभर इंग्रजी, त्यात हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात. मी अडखळत 'औष्णिक घटना' असे काहीतरी म्हणाले. आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "घटना कसली? उजो म्हण!" उजो म्हणजे आग. आमच्या मराठीच्या सरांनी वर्गात कार्यालयीन भाषेवर दोन तास शिकवले होते, त्याचे सार आजीने एका शब्दात सांगितले.

आता त्या वेळी गाडी कुठे उभी होती ते सांगते. आमच्या घराला लागून पत्र्याची शेड आहे. शेडची एक भिंत म्हणजेच आजीच्या खोलीची भिंत, आणि त्या भिंतीला तिची खिडकी. मे महिन्याच्या शेवटी फोंडा तालुक्यातल्या कुठल्याही घरी जाऊन बघा, पावसाळ्याचे जळण भरून ठेवायची घाई असते. आमच्या शेडमध्ये चुडतां, सोडणां, काजूची वाळलेली लाकडे पत्र्यापर्यंत रचलेली होती. आणि त्याच्यापासून दोन हातांवर ही गाडी, जिच्या पेट्रोलच्या नळीबद्दल कंपनीलाच खात्री नव्हती.

गाडी आमच्याकडे आली ती सेकंडहँड. चार वर्षांपूर्वी पप्पांनी ती मडगावच्या एका निवृत्त टीचरकडून घेतली. पप्पांचा फोंड्याच्या बाजारात भुसारी मालाचा पसरा आहे. गाडी घेण्याचे कारण आजी. तिला दर महिन्याला बांबोळीला तपासणीसाठी न्यावे लागते, आणि दोन बसेस बदलून, उभ्याने, उन्हातून तिला नेणे पप्पांना बघवेना. टीचरांनी त्यांचे मिस्टर गेल्यावर गाडी चालवणे सोडले होते. गाडी दोन वर्षांची, स्वच्छ, सीटवर प्लॅस्टिकही तसेच. व्यवहार त्यांच्या बाल्कांवात बसून झाला. आर.सी. रीतसर पप्पांच्या नावावर झाली.

इथे एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. सरकारच्या 'वाहन' नोंदीत मालक पप्पा. पण कंपनीच्या यादीत मालक अजून टीचरच, कारण शोरूममधून गाडी त्यांनी घेतली होती. मधल्या चार वर्षांत आम्ही एकदाही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो नव्हतो. तिथले बिल बघून पप्पांनी पहिल्याच वर्षी हात जोडले. आमच्या वाड्यावरचा मेकॅनिक तेच काम निम्म्या पैशात करतो, आणि चांगले करतो. पण त्याच्याकडे असली पत्रे येत नाहीत. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने आमची गाडी अजून मडगावात, टीचरांच्या अंगणात उभी होती. पत्र तिथे गेले.

बहुतेक अशा पत्रांचा प्रवास तिथेच संपत असणार. ज्याच्याकडे गाडीच नाही तो पत्र कशाला वाचेल? जाहिरात समजून रद्दीत टाकेल. टीचरांनी ते पूर्ण वाचले. मग पप्पांना फोन लावला, तो लागेना, कारण पप्पांनी नंबर बदलला होता. त्यांच्या लक्षात एवढेच होते की गाडी घेणारा माणूस फोंड्याच्या बाजारात भुसारी माल विकतो. सत्तरी ओलांडलेली बाई, मडगावहून बसने फोंड्याला आली, बाजारात तीन दुकानांत विचारले आणि दुपारी एकच्या सुमाराला, पप्पा पसरा बंद करून जेवायला निघत होते तेव्हा, समोर येऊन उभी राहिली. हातात छत्री आणि प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये ते पत्र. सुट्टी असल्यामुळे मी त्या दिवशी पसऱ्यावर होते, म्हणून हे सगळे माझ्या डोळ्यांसमोर घडले.

"बाब, ती गाडी अजून तुमच्याचकडे आहे ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न. नमस्कार नंतर.

पप्पांना वाटले गाडीच्या कागदांची काही भानगड निघाली. त्यांनी घाबरून आर.सी. दाखवायला सुरुवात केली. टीचरांनी त्यांना बसवले, पत्र काढले आणि वर्गात धडा वाचतात तसे बोट ठेवून वाचून दाखवले. पप्पांनी त्यांना लिंबूसोडा मागवला. मी विचारले, "टीचर, टपालाने पाठवायचं होतं, एवढ्या उन्हात कशाला आलात?"

त्या म्हणाल्या, "पाठवणारच होते. मग वाटलं, पोचलं की नाही ते मला कसं कळणार?"

पप्पा हात जोडून "देव बरें करूं" एवढेच म्हणू शकले. त्यांना बसस्टँडवर सोडायला गाडी घेऊन जावे असे त्यांच्या मनात आले आणि मग तेच हसले. गाडी घरी होती, आजीच्या भिंतीशी.

संध्याकाळी गाडी शेडमधून बाहेर काढायची ठरली. पत्रात गाडी चालवू नका असे म्हटलेले नव्हते. पेट्रोलचा वास आला तर ताबडतोब थांबा, असे होते. पण जळणाच्या ढिगाशेजारी किल्ली फिरवायला पप्पा तयार नव्हते. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये घालून ढकलायची ठरली. वाड्यावरचे आठ जण जमले. आमच्याकडे कुठल्याही कामाला आठ जण जमले की त्यातले पाच सूचना देतात, हे तुम्हाला माहीत आहे. शाळेला सुट्टी होती म्हणून शाळेच्या मैदानाच्या कडेला, आंब्यापासूनही दूर, उघड्यावर गाडी नेऊन ठेवली. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर तो भाग शिल्लक नव्हता. अकरा दिवसांनंतरची तारीख मिळाली.

त्या रात्री मी हा विषय वाचत बसले. माझा विषय वाणिज्य. बॉनेट उघडल्यावर आत काय असते ते मला तोपर्यंत पाणी घालायच्या डबीपलीकडे ठाऊक नव्हते. खरे तर गोष्ट सोपी आहे. बॉनेटखाली पेट्रोल असते, तापलेले लोखंड असते आणि वीज असते. ह्या तिघांना एकमेकांपासून दूर ठेवणे, हीच त्या जागेची सगळी कारागिरी. ते काम करतात रबराच्या नळ्या, त्यांचे जोड, वायरींवरची प्लॅस्टिकची आवरणे. रबर उष्णतेने कडक होते, कडक झाले की तडकते. आमच्याकडे त्यात उंदरांची भर. काजूच्या दिवसांत गाडी दोन दिवस उभी राहिली तर वायर कुरतडलेली मिळते.

मला भीती एका गोष्टीची वाटत होती, आणि वाचून ती वाढली. मला वाटायचे की गाडी चालू असताना तापते, म्हणजे पेटायची तर तेव्हाच पेटेल. किल्ली काढली की धोका संपला. तसे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई आणि किया ह्या दोन कंपन्यांनी मिळून सुमारे ३३ लाख ७० हजार गाड्यांसाठी अशी सूचना काढली. बहुतेक गाड्या २०१० च्या दशकातल्या, म्हणजे बऱ्याच तोवर दोनतीन हातांतून गेलेल्या असणार. त्यांच्यात ब्रेकच्या यंत्रणेचा एक विजेवर चालणारा भाग आहे. त्याच्यात आतल्या आत ब्रेकचे तेल झिरपले तर शॉर्टसर्किट होऊन इंजिनाच्या जागेत आग लागू शकत होती. गाडी चालू असताना, तशीच बंद करून ठेवलेली असतानाही. कारण गाडी बंद केली तरी बॅटरी काही भागांना वीज देतच असते. म्हणून मालकांना सांगितले गेले, की दुरुस्ती होईपर्यंत गाडी बाहेर, उघड्यावर, इमारतींपासून लांब लावा. तोपर्यंत कोणी जखमी झाल्याची नोंद नव्हती, तरीही ही सूचना. आणि दुरुस्ती काय, तर एक फ्यूज बदलायचा.

आमच्या पत्रातला दोष वेगळा होता, पण शाळेच्या मैदानावर गाडी ढकलून नेणारे आमचे आठ जण न वाचताच त्या सूचनेप्रमाणे वागले होते, हे वाचून जरा बरे वाटले.

त्याच रात्री मला हाउक बहिणींची हकीगत सापडली. ती थोडी सविस्तर सांगते.

रेचल हाउक चोवीस वर्षांची, जॅकलिन वीस वर्षांची. ७ ऑक्टोबर २००४ रोजी कॅलिफोर्नियात दोघी एका भाड्याच्या गाडीतून चालल्या होत्या. गाडी क्रायस्लर कंपनीची पी.टी. क्रूझर. तिच्या पॉवर स्टीअरिंगच्या नळीत दोष होता. नळीतून तेल गळून तापलेल्या इंजिनावर पडले तर आग लागू शकत होती. हे नंतर उघडकीला आले असे नाही. कंपनीने आधीच, जवळपास महिनाभर अगोदर, रिकॉलची नोटीस काढली होती, आणि ज्या कंपनीने त्यांना गाडी भाड्याने दिली तिच्याकडे ती पोचलेली होती. दुरुस्ती फुकट होती. ती न करताच गाडी भाड्याने दिली गेली. महामार्गावर बॉनेटखाली आग लागली, गाडी ताब्यात राहिली नाही, समोरून येणाऱ्या ट्रकवर आदळली. दोघी गेल्या.

त्यांच्या आईने, कॅली हाउक यांनी, आधी कोर्टात लढा दिला. काही वर्षांनी, २०१० मध्ये, भाड्याने गाडी देणाऱ्या कंपनीने जबाबदारी मान्य केली आणि ज्युरीने १ कोटी ५० लाख डॉलरची भरपाई ठरवली. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. रिकॉल झालेली गाडी दुरुस्त केल्याशिवाय भाड्याने देता येऊ नये असा कायदा व्हावा म्हणून त्या वर्षानुवर्षे झगडत राहिल्या. २०१५ च्या डिसेंबरात तो झाला, त्यांच्या दोन्ही मुलींच्या नावाने, आणि २०१६ च्या जूनपासून लागू झाला. म्हणजे २००४ सालच्या ऑक्टोबरपासून जवळजवळ बारा वर्षे.

मी यंदा वीस पूर्ण केली. जॅकलिनच्या हातात ती नोटीस कधी आलीच नव्हती, हे माझ्या डोक्यातून जात नाही. पत्र जाते ते कागदावरच्या नावाला. आग जाते गाडीबरोबर, ती ज्याच्या हातात असेल त्याच्याकडे. आमच्या बाबतीत ह्या दोघांच्या मधले अंतर मडगाव ते फोंडा एवढे होते आणि ते एका बाईने बसचे तिकीट काढून भरून काढले.

गोव्यात राहणाऱ्या माणसाला भाड्याच्या गाडीचा विषय परका नाही. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या गाड्या आपण रस्त्यावर रोज चुकवतो. शनिवार-रविवारी कोणी तरी अनोळखी माणूस, बहुतेक आपल्याच वयाचा, किल्ली घेतो आणि निघतो. आमच्या वाड्यावरच्या एका मुलाच्या अशा तीन गाड्या आहेत. मी त्याला विचारले, तू गाडी देण्याआधी असली पत्रे बघतोस का? तो म्हणाला, "ब्रेक बघतो, टायर बघतो, कुठे घासली आहे त्याचा व्हिडिओ काढतो." पत्र म्हणजे त्याला टोलचे किंवा दंडाचे वाटले. तो वाईट मुलगा नाही. गंमत अशी की अमेरिकेतला तो कायदाही ३५ किंवा त्याहून जास्त गाड्या असणाऱ्या कंपन्यांना लागू आहे. तीन गाड्यांचा माणूस तिथेही सुटला असता.

आपल्याकडे ह्याबाबत काही नव्हतेच असे नाही. २०१२ मध्ये गाडी कंपन्यांच्या संघटनेने स्वेच्छेने रिकॉल करण्याचे धोरण ठरवले. कायद्यात तरतूद आली ती २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने, आणि नियम लागू झाले १ एप्रिल २०२१ पासून. आता ठराविक प्रमाणात तक्रारी आल्या तर सरकार सक्तीने रिकॉल करायला लावू शकते, आणि १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. कंपनी आपणहून जुन्या गाड्याही बोलावू शकते, पण सक्ती सातच्या आत. मला हे वाचून आमच्या वाड्यावरच्या गाड्या डोळ्यांसमोर आल्या. सात वर्षांच्या आतल्या किती? दोन, फार तर तीन. आमची सहा वर्षांची. बाकी सगळ्या पणजी-मडगावच्या बंगल्यांतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या. रबर तडकते ते आठव्या, दहाव्या, बाराव्या वर्षी, आणि त्या वयाच्या गाड्या कोण चालवतो हे सांगायला नको. अमेरिकेत फुकट दुरुस्तीचा हक्क पहिल्या विक्रीपासून पंधरा वर्षे असतो. पंधरा वर्षे म्हणजे आपल्याकडे आर.सी.ची पहिली मुदत. तेवढी तरी सक्ती असावी, असे मला वाटते. गाडी रस्त्यावर चालवायला ज्या सरकारने परवानगी दिली, त्याने तोवर तरी विचारपूस ठेवावी.

पप्पांना हे सांगितले तर त्यांनी नॅनोची आठवण काढली. रतन टाटांनी एका स्कूटरवर बसलेले अख्खे कुटुंब पाहिले आणि त्यातून लाखभर रुपयांची गाडी काढण्याचे मनावर घेतले, ही गोष्ट पप्पांना फार आवडते. तेव्हा आमचेही कुटुंब एका स्कूटरवरच होते. मी पुढे उभी, आई मागे. नॅनो घ्यायचीच असे त्यांनी ठरवले होते. मग २०१० मध्ये काही नॅनो पेटल्याच्या बातम्या आल्या. नॅनोचे इंजिन मागे, म्हणजे पाठीमागच्या सीटच्याही मागे. पप्पांच्या डोळ्यांसमोर त्या सीटवर बसलेली मी आणि आई आलो आणि विचार तिथेच राहिला. कंपनीने गाडीच्या रचनेत दोष नाही असे सांगितले. त्या वर्षी नोव्हेंबरात विजेच्या जोडणीत जादा फ्यूज आणि सायलेन्सरच्या बाजूला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायची तयारी दाखवली, पण हा रिकॉल नाही, असेही बजावून सांगितले.

मला ह्यात नवल वाटते ते शब्दाचे. काम तेच, फुकट तेच, मालकाला बोलावणेही तेच. पण 'रिकॉल' म्हटले की दोष कबूल केल्यासारखे होते, म्हणून तो शब्द टाळायचा. आग लागली की 'थर्मल इन्सिडंट' म्हणायचे. आणि आपण मराठी वाचक 'परत मागवल्या' असे वाचून, आपली गाडी परत द्यावी लागेल की काय ह्या धास्तीने गप्प बसायचे! माझ्या ओळखीच्या एका काकांनी खरेच असे केले आहे. शोरूममधून फोन आला तर त्यांनी गाडी विकली म्हणून सांगितले. गाडी समोर उभी होती.

असो. अकरा दिवसांत आजीची बांबोळीची तारीख येऊन गेली. कदंबच्या बसने गेलो. मी आणि पप्पा दोन्ही बाजूंना, मधे आजी. जाताना तिला जागा मिळाली, येताना पणजीपासून अर्धी वाट ती उभी होती. घरी आल्यावर दोन दिवस पाय सुजले. त्या रात्री ती मला म्हणाली, "त्या मास्तरणीने पत्र आणलं नसतं तर मी आज गाडीतून आले असते." मी तिच्याकडे बघतच राहिले. ती तक्रार करत होती की टीचरांची आठवण काढत होती ते मला अजून कळलेले नाही. थोड्या वेळाने तिने स्वतःच खिडकी उघडून शेडमध्ये बॅटरी मारून बघितले. शेड रिकामी होती, जळण तेवढे होते.

पप्पा रोज रात्री जेवण झाल्यावर मैदानावर जाऊन गाडी बघून येत. आधी लांबून वास घेत, मग जवळ जात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून वाड्यावरची पोरे त्यांना "गाडयेक जेवण दिलें?" म्हणून विचारू लागली.

अकराव्या दिवशी मी पप्पांबरोबर सर्व्हिस सेंटरला गेले. गाडी चालवत नेली, सगळ्या काचा उघड्या, बाराही किलोमीटर नाक ताणून. काम पाऊण तासाचे. बिलावर रकमेच्या जागी शून्य. पप्पांनी ते बिल दोनदा वाचले. मी तिथल्या मुलाला जुनी नळी दाखवायला सांगितली. आधी तो का-कू करत होता, कारण जुना भाग कंपनीला परत जातो. मग त्याने आणली. वरून बघितले तर काही नाही, काळी, धूळ बसलेली, करंगळीएवढी जाड. त्याने ती जोडाच्या ठिकाणी वाकवून धरली तेव्हा बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यात आजीच्या टाचांना पडतात तशा. पेट्रोल गळत होते का? नाही, तो म्हणाला. गळले असते का? त्याने खांदे उडवले. "सांगता येत नाही. सगळ्याच गळत नाहीत."

म्हणजे कदाचित काहीच झाले नसते. गाडी आणखी पाच वर्षे आजीच्या खिडकीशी उभी राहिली असती, आणि चुडतांवर पाल फिरण्यापलीकडे काही घडले नसते. टीचरांचे बसचे तिकीट, आठ जणांची मेहनत, आजीचे सुजलेले पाय, हे सगळे कशासाठी झाले ते दाखवायला आमच्याकडे काही नाही. जळलेले घर दाखवता येते. न जळलेले घर रोजच्यासारखेच दिसते, भांडी घासायची राहिलेली असतात.

संध्याकाळी पप्पांनी टीचरांना फोन केला. पलीकडून त्यांनी तारीख विचारली, कुठला भाग बदलला ते विचारले, बिलाचा नंबर विचारला. "ठीक. आता मी त्याच्यावर टिक करते," म्हणाल्या. पत्राची झेरॉक्स त्यांनी आपल्याकडे ठेवली होती आणि ती इतके दिवस जेवणाच्या टेबलावर होती, असे कळले. पप्पांनी त्यांना नवा नंबर दिला, सर्व्हिस सेंटरच्या यादीतही आपले नाव घालून घेतले. पुढच्या महिन्यात बांबोळीहून येताना आजीला घेऊन मडगावला त्यांच्याकडे जायचे ठरले आहे. आजी पातोळ्या करून नेणार म्हणते.

जूनमध्ये कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी एक उद्योग केला. गाडीचा चासी नंबर, सतरा अक्षरांचा, आर.सी.वर असतो. बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवर तो टाकला की त्या गाडीचे काही राहिलेले रिकॉल आहे का ते कळते. दोन मिनिटांचे काम. मी वही घेऊन वाड्यावरच्या घरोघरी फिरले. काही जणांना वाटले मी जनगणनेची आहे, एकांना वाटले इन्शुरन्सची. आर.सी. दाखवायला लोक सहज तयार होत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. चौदा गाड्यांचे नंबर मिळाले. भाड्याच्या तीन गाड्यांच्या त्या मुलाने तिन्ही नंबर आपणहून व्हॉट्सअॅपवर पाठवले. चौदांपैकी दोन गाड्यांना बोलावणे होते. एकही जण पहिला मालक नव्हता, एकालाही पत्र आलेले नव्हते. एका गाडीचे काम गेल्या आठवड्यात झाले.

दुसऱ्या गाडीचे मालक म्हणाले, आता पाऊस आहे, धंदा आहे, चवथ झाल्यावर बघू. चवथीला अजून महिना आहे. त्यांची गाडी घराच्या पोर्चमध्येच असते, आणि वरच्या मजल्यावर त्यांची दोन मुले झोपतात. कॉलेजच्या बससाठी मी त्याच रस्त्याने जाते. काल पुन्हा विचारले, तर हसून म्हणाले, "बाय, तूच ढकलून ने." पप्पांना सांगितले आहे. ते म्हणतात, रविवारी आठ जण जमवू.